‘आधी’ लिहिलेला फोटो

लाँड्रीवाली: आत आलाच आहात तर त्या पांढऱ्या गठ्ठ्याला टेकू नका. धुतलेला आहे.

मास्तर: नाही टेकत, ताई. मी एवढंच म्हणत होतो की चार दिवस झाले, तुम्ही दोघी क्लासला आला नाहीत. सगळे विचारतात.

नणंद: ऐकलंस वहिनी? का आला नाहीत म्हणून विचारायला आलेत. मास्तर, येताना कुठल्या रस्त्यानं आलात?

मास्तर: नेहमीच्याच.

नणंद: म्हणजे बसस्टॉपवरून. मग आमची वहिनी दिसली असेल की. दारापेक्षा उंच आहे.

मास्तर: दिसली.

लाँड्रीवाली: मग विचारता कशाला?

मास्तर: ताई, ती जाहिरात मालकांची आहे. हॉल त्यांचा, बोर्ड त्यांचा. मी तिथं पगारावर नाच शिकवणारा माणूस.

नणंद: काखा वर करू नका हं. वहिनीच्या घामेजलेल्या काखा त्या स्टॉपवर अख्ख्या गावानं बघितल्यात, तेवढं पुरे.

लाँड्रीवाली: वन्सं, थांबा जरा, मी बोलते. मास्तर, इथं काय येतं धुवायला, ठाऊक आहे तुम्हाला? दवाखान्याच्या चादरी येतात. हॉटेलच्या येतात. रक्त, पू, उलटी, आणि हॉटेलातल्या लोकांचं तर बोलायलाच नको. मी एकेक हातानं उलगडते. डाग बघून वेगळं काढते. जेवायला बसायच्या आधीसुद्धा. इतक्या वर्षांत किळस अशी आली नाही. माणसाच्या अंगातून निघालेलं असतं, धुतलं की जातं. पण चार दिवसांपूर्वी सकाळी टेम्पोतून उतरले, मान वर केली, तर समोर मी. खाली लिहिलेलं, ‘आधी’. तिथंच गटाराच्या कडेला बसून ओकले.

नणंद: पाठ मी चोळली. अन्न नव्हतंच पोटात, नुसतं पाणी.

मास्तर: मी मालकांशी बोललो, ताई. खरंच बोललो. ते म्हणाले, ताईंना वाईट वाटलं असेल तर वर्षभर फी घेऊ नका त्यांच्याकडून.

लाँड्रीवाली: काय म्हणालात?

मास्तर: म्हणजे... फुकट या, असं म्हणाले.

लाँड्रीवाली: आणि तो निरोप घेऊन तुम्ही आलात. तोंड वर करून.

मास्तर: त्यांनी सांगितलं म्हणून सांगितलं.

लाँड्रीवाली: एखाद्याच्या तोंडावर थुंकायचं आणि मग म्हणायचं, रुमाल आमच्याकडून घ्या. मला तुमच्याकडे बघवत नाहीये, मास्तर.

नणंद: ती शेजारची कोण? ‘नंतर’ म्हणून उभी आहे ती. कंबर अशी की बांगडीतून पार होईल.

मास्तर: मॉडेल आहे कुणीतरी. तसले फोटो विकत मिळतात.

नणंद: नाचते का?

मास्तर: कोण जाणे. ती कुठली आहे हेसुद्धा आम्हाला माहीत नाही.

लाँड्रीवाली: तिच्या अंगात माझा कुर्ता आहे.

मास्तर: रंग दिलाय. कॉम्प्युटरवर. तिचा मूळचा वेगळा होता.

लाँड्रीवाली: का दिलाय?

मास्तर: एकच बाई वाटावी म्हणून.

लाँड्रीवाली: आणि पोट?

मास्तर: पोटाचं काय?

लाँड्रीवाली: मास्तर, दोन बाळंतपणांपासून हे पोट माझ्याबरोबर आहे. मी रोज त्याला साडीत बसवते. मला ते ओळखू येतं. बोर्डावर आहे ते माझं नाही.

मास्तर: थोडं... ओढलंय बाजूनं.

नणंद: कापड आहे का ओढायला?

लाँड्रीवाली: हे तुम्हाला कसं ठाऊक?

मास्तर: दिसतंच की, ताई. नीट बघितलं की कळतं.

लाँड्रीवाली: कधी बघितलंत नीट? बोर्ड लागल्यावर?

मास्तर: हो. म्हणजे, लागल्यावरच.

लाँड्रीवाली: वन्सं, ती इस्त्री बंद करा. वाफेच्या आवाजात ह्यांचं बोलणं नीट ऐकू येत नाही. हां, आता बोला. कधी बघितलंत?

मास्तर: छापायच्या आधी. मालकांच्या पुतण्यानं दाखवलं. कसं वाटतंय म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे.

नणंद: ठीक आहे.

मास्तर: हो.

नणंद: शेण खाल्लंत, मास्तर.

मास्तर: हो.

लाँड्रीवाली: फोटो काढला होता कोणी?

मास्तर: मीच. आपल्या क्लासच्या ग्रुपवर टाकायला काढला होता. मालक म्हणाले, त्यातला एखादा द्या. मी सगळेच दिले. त्यातला त्यांनी तुमचा निवडला.

लाँड्रीवाली: सगळ्यात बेंगरूळ होता म्हणून.

मास्तर: नाही. म्हणजे त्यांच्या मते... ते म्हणाले, नाचून मजा येते असं लिहिलं तर चार माणसं येतात. पोट जातं असं लिहिलं तर रांग लागते. तीन महिने हॉलचं भाडंही निघालेलं नव्हतं. क्लास बंद करतो म्हणत होते. मला वाटलं, बोर्डानं माणसं येतील, क्लास तरी टिकेल. तुमचाच क्लास, ताई.

लाँड्रीवाली: माझ्यासाठी केलंत म्हणा की.

मास्तर: तसं नाही म्हणत मी.

लाँड्रीवाली: तसंच म्हणताय. तुमचा तो मालक एक वेळ परवडला. त्याला दुकान चालवायचंय, तो काय वाट्टेल ते विकेल. तुम्ही पहिल्या दिवशी काय म्हणाला होतात मला?

मास्तर: आठवतंय.

लाँड्रीवाली: मला जास्त आठवतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, साखर फार वाढलीय, रोज चालायला जा. मी म्हटलं, बाई, मशीनपासून इस्त्रीपर्यंत दिवसभर चालतेच आहे, आणखी कुठं जाऊ? तेव्हा ह्या वन्संनी मला ओढत आणलं तुमच्याकडे. मी दारातच थबकले. चपला हातात. म्हटलं, मी नुसती बघायला आलेय. आत ते पेन्शनर पोस्टमन खुर्चीत बसून नुसते हात नाचवत होते, खुब्याचं ऑपरेशन झालेले. ती बहिरी शिवणवाली स्पीकरवर तळवा ठेवून ठेका धरत होती. आणि तुम्ही म्हणालात, ताई, या हॉलमधले आरसे मी काढून टाकलेत. इथं कुणी जाड नाही, कुणी बारीक नाही, नाचणारे आहेत नि अजून न नाचलेले आहेत. म्हणालात की नाही?

मास्तर: म्हणालो.

लाँड्रीवाली: मी भाळले त्या वाक्यावर. घरी जाऊन ह्यांना दोनदा सांगितलं. आता तुम्ही आरसा लावलात, तो थेट बसस्टॉपवर. आणि तोही खोटा.

नणंद: त्यावर कुणीतरी डुकराचं नाक काढलंय. बघितलंत ना? काळ्या पेननं. दोन भोकं आणि वर कान.

मास्तर: ते नव्हतं माहीत. लांबून बोर्ड दिसला नि मी खाली मान घालून आलो.

नणंद: वा. आम्ही मान वर करून जायचं, आणि तुम्ही खाली घालून.

लाँड्रीवाली: हॉटेलात चादरी पोचवायला हे जातात ना टेम्पो घेऊन, तिथला तो कपडे मोजून घेणारा ह्यांना म्हणाला, काय हो, घरचं माणूस ‘नंतर’ कधी होणार? सगळे खी खी करून हसले. हे काही बोलले नाहीत. घरी येऊन जेवलेही नाहीत.

नणंद: दादा बोलला नाही असं कसं म्हणतेस? माझ्याशी बोलला. म्हणाला, फोटो कुणी काढलाय गं? ही एवढी हसते हे मलाच ठाऊक नव्हतं.

लाँड्रीवाली: हे मला नाही सांगितलंत.

नणंद: तू त्या दिवशी कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत होतीस? पातेलं आपटत होतीस.

लाँड्रीवाली: हसते. हो, हसत होते खरी. मास्तर, तो फोटो कधीचा आहे, आठवतंय का तुम्हाला?

मास्तर: उन्हाळ्यातला असेल. पंखा बंद पडला होता तेव्हाचा.

लाँड्रीवाली: पंखा बंद होता म्हणून तर घाम. पण त्या दिवशी काय झालं होतं?

मास्तर: नाही आठवत.

लाँड्रीवाली: सुरुवातीला मला एक गाणं पुरं होत नव्हतं. छाती अशी भरून यायची, मी जाऊन पोस्टमनच्या शेजारच्या खुर्चीत बसायची. ते म्हणायचे, या, या, बसणाऱ्यांच्या पार्टीत या. मग दोन गाणी झाली. मग तीन. रात्री झोप लागायला लागली. गुडघे कुरकुरायचे थांबले. आणि त्या दिवशी पंखा बंद, अंगाची नुसती लाहीलाही, तरी मी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एकदाही खाली बसले नाही. पोस्टमन खुर्चीतून टाळ्या वाजवत होते. तुम्ही ओरडलात, ताई, इकडे बघा. मी वळले. तो फोटो आहे तो.

मास्तर: ताई...

लाँड्रीवाली: त्याच आठवड्यात साखर तपासली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. गोळी निम्मी केली. वजन? वजन फारसं नाही उतरलं. पोट आहे तिथंच आहे. पण मी जिना चढताना थांबत नाही आता. ओली चादर एकटी उचलते. माझ्या जन्मातला सगळ्यात ‘नंतर’चा दिवस होता तो, मास्तर. आणि त्याच्याखाली तुम्ही ‘आधी’ लिहू दिलंत.

मास्तर: मला हे आठवायला हवं होतं.

नणंद: हवं होतं, हवं होतं. आता डोळ्यात पाणी आणू नका, इथं आधीच ओल फार आहे.

मास्तर: मी काय करू, ताई? तुम्ही सांगा. बोर्ड उतरवणं माझ्या हातात नाही, महिनाभराचं भाडं भरलंय त्यांनी. पुन्हा एकदा बोलतो हवं तर त्यांच्याशी.

लाँड्रीवाली: तुमच्या बोलण्याचा मला वीट आलाय. वन्सं, ती खळ आहे का उरलेली? दवाखान्याच्या डगल्यांना केलेली?

नणंद: आहे की. अर्धं पातेलं आहे. गार होऊन घट्ट झालीय.

लाँड्रीवाली: घट्टच हवी. आणि गठ्ठे बांधायचा पांढरा कागद द्या दोन ताव. मास्तर, हे घ्या. तो शब्द झाका. माझ्या खालचाही आणि तिच्या खालचाही. ती बिचारी कोण कुठली, तिलाही माहीत नसेल आपल्याला कुठं टांगलंय ते.

मास्तर: आत्ता?

लाँड्रीवाली: आत्ता. दिवसाउजेडी. शाळा सुटलीय, स्टॉपवर गर्दी असेल.

मास्तर: संध्याकाळी जरा अंधार पडल्यावर गेलो तर...

लाँड्रीवाली: मला काय अंधारात टांगलं होतं?

मास्तर: नाही.

लाँड्रीवाली: मग?

मास्तर: कागदावर काही लिहायचं का?

लाँड्रीवाली: काही नाही. कोरा असू दे. आणि वन्सं, तुम्ही जा बरोबर. हा माणूस कोपऱ्यावरून परत यायचा.

नणंद: मी डाग काढायची बाटलीपण घेते. त्या डुकराच्या नाकासाठी.

(तासाभरानंतर. दोघं परत आली आहेत. मास्तरच्या शर्टावर खळ वाळली आहे.)

लाँड्रीवाली: झालं?

नणंद: झालं. पण काय सांगू तुला. बाकावर चढले हे, तर हात पुरेना. मग एका बसचा ड्रायव्हर उतरला, म्हणाला, काय चाललंय? मी म्हटलं, ह्यांना वर उचला. त्यानं उचलले लहान मुलासारखे. अर्धी खळ ड्रायव्हरच्या डोक्यावर.

लाँड्रीवाली: लोक होते?

नणंद: होते म्हणजे? दोन शाळांची पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया. एका आजीबाईंनी विचारलं, कशाला झाकताय हो? तर हे काय म्हणाले माहितीय? म्हणाले, छापताना चूक झाली होती.

लाँड्रीवाली: छापताना.

नणंद: मी खालून बघितलं नुसतं ह्यांच्याकडे.

मास्तर: मग मी नीट सांगितलं, ताई.

नणंद: सांगितलं, तेही खरं. ड्रायव्हरच्या खांद्यावर बसून सांगितलं. म्हणाले, ह्या बाई माझ्या क्लासला येतात, हा त्यांचा चांगला दिवस होता, मी त्यांचा फोटो न विचारता दिला, आणि त्यांचं पोट खोटं मोठं केलं तेव्हा मी गप्प बसलो. आजीबाई म्हणाल्या, मेल्या, मग खाली कशाला उतरतोस, तिथंच बस.

लाँड्रीवाली: आणि नाक?

नणंद: निघालं. पण बाटलीतलं पाणी जरा जास्त पडलं. तुझं खरं नाकही थोडं फिकट झालंय.

लाँड्रीवाली: चालेल.

मास्तर: मालक आले होते. गाडी थांबवून काच खाली केली. म्हणाले, हॉलची चावी दे. दिली.

लाँड्रीवाली: म्हणजे कामावरून काढलं.

मास्तर: उद्यापासून त्यांचा पुतण्या घेणार आहे क्लास. त्याला मशीनवरचा व्यायाम येतो. आरसे परत लावणार म्हणाले.

लाँड्रीवाली: मग मी आता काय करावं अशी अपेक्षा आहे? तुमचे पाय धरू?

मास्तर: काहीच नाही. सांगायला आलो फक्त. तुमचं पातेलंही द्यायचं होतं.

लाँड्रीवाली: तुमची नोकरी गेली ह्याचं मला वाईट वाटतंय, आणि वाईट वाटतंय ह्याचाच राग येतोय. अजून मला शिसारी आहे तुमची. खोटं कशाला सांगू? तो शब्द झाकला म्हणून चार दिवस झाकले जात नाहीत.

मास्तर: नाही जात.

लाँड्रीवाली: पोस्टमनना कळवलंत?

मास्तर: कुणालाच नाही अजून. ते उद्या येतील, खुर्ची शोधतील. मशीनवर कुठं बसणार ते.

नणंद: आणि शिवणवाली? पुतण्याचा स्पीकर म्हणे भिंतीत बसवलेला असणार. हात कुठं ठेवेल ती?

लाँड्रीवाली: वन्सं, तुम्ही त्या चादरींच्या गाड्या कशाला सरकवताय?

नणंद: काही नाही. भिंतीला लावून ठेवते. किती जागा आहे बघत होते.

लाँड्रीवाली: बघायचं काही कारण?

नणंद: तुझा गुडघा. सकाळपासून तू पाय ओढत चालतेयस. चार दिवस नाचली नाहीस तर ही अवस्था. डॉक्टरीणबाईंना काय सांगणार आहेस पुढच्या वेळी? बोर्ड लागला म्हणून गोळी वाढवा?

लाँड्रीवाली: इथं? ह्या वासात? सोड्याच्या, क्लोरिनच्या?

नणंद: तू तर म्हणालीस की तुला कशाची किळस येत नाही.

लाँड्रीवाली: तुमच्या जिभेला हाड नाही, वन्सं.

मास्तर: मी जातो. तुम्ही दोघी... पायऱ्या येतातच तुम्हाला. पहिली दोन गाणी सावकाश घ्या, ताई, गुडघा आखडलाय तर. एकदम वळू नका.

लाँड्रीवाली: तिसऱ्या गाण्यात तो वळसा आहे, तो कुठल्या पायावर?

मास्तर: डाव्या. वजन आधी डाव्यावर, मग खांदा.

लाँड्रीवाली: वन्संना तो कधी जमला नाही.

नणंद: मला जमतो. तूच मला धडकतेस.

लाँड्रीवाली: मास्तर, तो रेडिओ लावा. वर शेल्फवर आहे. तुमचा मोबाईल खिशातच राहू द्या.

मास्तर: लावू? खरंच?

लाँड्रीवाली: लावा म्हटलं ना. मोठ्यानं लावा, मशीन चालू आहे.

मास्तर: मी नेहमीसारखा पुढं उभा राहू?

लाँड्रीवाली: नाही. मागं उभे राहा. तुमचं तोंड बघायची माझी तयारी नाही अजून.